स्वस्तातलं वेल्डिंग मशीन आणि त्यामागची शंभर वर्षं

दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाला चाळिशीच्या आसपास कधीतरी हाताने काहीतरी करावंसं वाटायला लागतं. कुणी घरी पाव भाजतो, कुणी सुतारकामाची हत्यारं जमवतो. मला लोखंडाची हौस लागली. गॅरेजमध्ये एक रॅक हवा होता, परसातल्या भाज्यांच्या वाफ्याला छोटं फाटक हवं होतं, आणि दोन्ही गोष्टी विकत आणण्यापेक्षा आपण करूया असं डोक्यात आलं. म्हणजे वेल्डिंग आलं. म्हणजे मशीन आलं.

नवशिक्याला हल्ली सगळे एकच सल्ला देतात: तारेचं मशीन घे. इथे अमेरिकेत त्याला 'वायर फीड' म्हणतात. पिस्तुलासारखी गन असते, चाप ओढला की रिळावरची तार आपोआप पुढे सरकते, तिच्या टोकाशी आर्क पेटतो आणि तीच तार वितळून जोडात भरत जाते. रॉडच्या वेल्डिंगसारखं 'रॉड चिकटला, उपटा आता' हे नाही. आणि किंमत? साध्या स्मार्टफोनच्या किमतीत अगदी लहान मशीन मिळतं.

काही विकत घ्यायचं तर मी आधी त्याचा इतिहास वाचतो. बायकोच्या मते हा खरेदी लांबवण्याचा प्रकार आहे. असेलही. पण या वेळी तो फार उपयोगी पडला. खोक्यावरचा प्रत्येक आकडा कुठल्यातरी जुन्या अडचणीचं उत्तर आहे असं लक्षात आलं. शिवाय खोक्यावर न लिहिलेली एक गोष्ट कळली. वेल्डरच्या हातातलं कोणतं कसब मशीनने स्वतःकडे घेतलं आणि कोणतं घेतलंच नाही, ही ती गोष्ट. नवशिक्याने हे मशीन घेण्याआधीच जाणून घ्यायला हवं. म्हणून हा लेख.

हातातली तीन कामं

सुरुवात रॉडपासून करू. विजेचा आर्क वापरून धातू जोडायची पद्धत निकोलाय बेनार्दोसने १८८१ मध्ये दाखवली. त्याचा इलेक्ट्रोड कार्बनचा होता. १८८८ मध्ये रशियातच निकोलाय स्लाव्यानोवने कार्बनऐवजी धातूची कांडी वापरली, म्हणजे इलेक्ट्रोडच वितळून जोडात जायला लागला. अमेरिकेत सी. एल. कॉफिनला १८९० मध्ये अशाच पद्धतीचं पेटंट मिळालं. मग स्वीडनमध्ये ऑस्कर केलबर्गने कांडीला लेप दिला आणि १९०४ मध्ये 'एसाब' ही कंपनी काढली. लेप जळून होणारा धूर आणि वर साचणारं स्लॅगचं कवच वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतं. आपल्याकडे गल्लीतला ग्रिलवाला जो रॉड वापरतो, तो याच घराण्यातला.

रॉड धरलेल्या माणसाचा हात एकाच वेळी तीन कामं करत असतो. पहिलं, रॉडचं टोक कामापासून दोन-तीन मिलिमीटरवर धरणं. रॉड सतत झिजतोय, म्हणजे हात सतत खाली न्यायचा, आणि तोही नेमक्या वेगाने. दुसरं, जोडाच्या रेषेवरून ठराविक वेगाने पुढे जाणं. तिसरं, समोरच्या वितळलेल्या डबक्याकडे बघून ठरवणं की उष्णता खालच्या लोखंडात खरोखर मुरतेय की नाही.

रॉड शिकायला महिने लागतात ते मुख्यतः पहिल्या कामामुळे. तार-मशीनचा इतिहास म्हणजे हे पहिलं काम माणसाच्या हातातून काढून घेण्याचा इतिहास. दुसरं आणि तिसरं काम अजून आपल्याच हातात आहे. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

कोड वाढवणारा आणि कोड काढून टाकणारा

१९२० मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या पी. ओ. नोबेलने (पारितोषिकवाला नव्हे, तो १८९६ मध्येच गेला) स्वयंचलित वेल्डिंगचं यंत्र बनवलं. उघड्या तारेचं रीळ, तार ढकलायला मोटर, आणि मोटरचा वेग आर्कच्या व्होल्टेजवरून ठरणारा. आर्क लांबला की व्होल्टेज वाढतं, मग तार जोरात ढकला. आर्क आखूड झाला की वेग कमी करा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे: मोजा, तुलना करा, दुरुस्त करा. झिजलेले मोटरचे शाफ्ट आणि क्रेनची चाकं भरून काढायला हे यंत्र वापरलं गेलं. चालायचं छान, पण गुंतागुंतीचं होतं.

पुढचा टप्पा मला सगळ्यात आवडला. दुसऱ्या महायुद्धात कीव्हची येव्हगेनी पातोन यांची वेल्डिंग संस्था उरल पर्वतातल्या निझ्नी तागिल गावी हलवली गेली होती. तिथे रणगाड्यांची जाड चिलखती पोलादं जोडायचं काम होतं. पद्धत अशी की तार दाणेदार फ्लक्सच्या ढिगाखाली जळते, आर्क दिसतही नाही. यंत्रं होती, पण वेग बदलणारे नियंत्रक नाजूक, ते दुरुस्त करणारी माणसं आघाडीवर, आणि कारखान्यात नवखे हात. १९४२ मध्ये तिथल्या व्लादिमिर द्यातलोवने दाखवून दिलं की नियंत्रकाची गरजच नाही. तार एकाच कायम वेगाने ढकला. आर्क आखूड झाला तर प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की तार जास्त भराभर वितळते, आणि आर्क आपोआप पूर्वीच्या लांबीवर येतो. लांबला तर याच्या उलट. दुरुस्तीचं चक्र निसर्गातच बसलेलं आहे, ते बाहेरून लिहायची गरज नाही!

एखाद्या प्रोग्रॅममधल्या पाचशे ओळी पुसून टाकल्या आणि तो आधीपेक्षा चांगला चालायला लागला, तर जसं वाटेल तसं मला हे वाचून वाटलं. आजही दुकानातल्या सर्वात स्वस्त तार-मशीनच्या पोटात एक छोटी मोटर असते आणि ती ठरवलेल्या एकाच वेगाने तार ढकलते. मशीन स्वस्त होऊ शकलं याचं हे पहिलं कारण.

कोलंबस, १९४८

आता गाडी अमेरिकेत आणू, तीही मी राहतो त्या ओहायोतल्या कोलंबस शहरात. विमानांमुळे ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम जोडायची गरज निर्माण झाली होती. हे धातू हवेशी इतक्या चटकन संयोग पावतात की रॉडचा लेप पुरत नाही. आर्कभोवती हेलियम किंवा आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूचं वेष्टण घालायची कल्पना जीईच्याच हेन्री हॉबर्ट आणि पी. के. डेव्हर्स यांनी १९२६ च्या सुमारास करून पाहिली होती, पण वायू महाग असल्यामुळे ती तशीच पडून राहिली. १९४१ मध्ये नॉर्थ्रॉप विमान कंपनीच्या रसेल मेरेडिथने टंगस्टनचा न वितळणारा इलेक्ट्रोड आणि हेलियम वापरून ती प्रत्यक्षात आणली. आज आपण तिला टिग म्हणतो. काम सुबक, पण सावकाश, आणि जाड पत्र्याला तर फारच सावकाश.

मग टंगस्टन काढून त्या जागी वितळणारी तारच का सरकवत नेऊ नये? कोलंबसच्या बॅटेल संस्थेत, एअर रिडक्शन कंपनीच्या पैशावर, १९४८ मध्ये हे जमलं. दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या: बारीक तार, आणि कायम व्होल्टेज देणारा वीजस्रोत. तार बारीक असली की तिच्यातून जाणाऱ्या प्रवाहाची घनता प्रचंड वाढते आणि ती झपाट्याने वितळते. व्होल्टेज कायम ठेवलं की आर्कच्या लांबीत जरासा फरक पडला तरी प्रवाह एकदम उसळतो किंवा पडतो, म्हणजे वर सांगितलेलं स्वयं-नियमन अगदी चपळ होतं. गन हातात धरलेल्या माणसाचा हात थोडा वरखाली झाला तरी आर्क सांभाळून घेतो. मिग वेल्डिंग ते हेच.

खोक्यावर नवशिक्याला दोन बटणं दिसतात, व्होल्टेज आणि तारेचा वेग. अँपिअरचं बटण बहुधा नसतंच, आणि पुष्कळांना प्रश्न पडतो की प्रवाह ठरवायचा कुठून? उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. तार जितकी जोरात ढकलाल तितका प्रवाह तिला वितळवण्यासाठी आपोआप ओढला जातो. म्हणजे तारेचा वेग हेच अँपिअरचं बटण.

मिग नव्हे, सीओटू

१९४८ चं तंत्र महाग होतं, कारण आर्गॉन महाग होता. ॲल्युमिनियमच्या विमानाला परवडेल, पण साध्या लोखंडी चौकटीला कसं परवडणार?

१९५३ मध्ये सोव्हिएत संघात ल्युबाव्स्की आणि नोवोझिलोव यांनी आर्गॉनऐवजी सरळ कार्बन डायऑक्साइड वापरला. हा काही निष्क्रिय वायू नाही. आर्कच्या तापमानाला तो फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो, आणि वितळलेल्या लोखंडात बुडबुडे होऊन जोड सच्छिद्र होतो. उपाय असा की तारेतच सिलिकॉन आणि मँगनीज जास्त घालायचं, म्हणजे ऑक्सिजन लोखंडाला भिडण्याआधी त्यांना भिडेल. आज दुकानात मिळणाऱ्या 'ईआर७०एस-६' तारेत दीड टक्क्याच्या आसपास मँगनीज आणि एक टक्क्याच्या आसपास सिलिकॉन असतं, ते यासाठीच. जोड थंड झाल्यावर वर तपकिरी काचेसारखे ठिपके दिसतात, तो या झटापटीतून उरलेला कचरा. (नावातला ७० म्हणजे दर चौरस इंचाला किमान ७०,००० पौंड ताण सहन करण्याची ताकद.)

माझ्या मामाचं भोसरीला फॅब्रिकेशनचं छोटं शॉप होतं. मशीन बघत होतो तेव्हा त्याला फोन केला आणि विचारलं, "मामा, तुमच्याकडे मिग होतं का रे?"

"मिग म्हणजे ओझरला बनायची ती विमानं," मामा म्हणाला. "आमच्याकडे सीओटू होतं."

खरंच, भोसरी-चाकणकडे आजही कुणी 'मिग वेल्डिंग' फारसं म्हणत नाही. आर्गॉनची मिश्र टाकी लावली असली तरी त्याचं नाव 'सीओटू'च. अमेरिकेत या तंत्राचं नाव निष्क्रिय वायूवरून पडलं, आपल्याकडे ते पुढे स्वस्त करणाऱ्या वायूवरून. मला आपलं नाव जास्त प्रामाणिक वाटतं.

भजी तळल्याचा आवाज

तरीही १९५० च्या दशकातलं मशीन घरी नेण्यासारखं नव्हतं. प्रवाह शेकडो अँपिअर, डबकं मोठं आणि पातळ, त्यामुळे फक्त आडव्या सपाट कामाला ठीक. पातळ पत्र्याला तर भोकच पडणार.

१९५० चं दशक संपता संपता आणखी बारीक तार आणि कमी व्होल्टेजवर एक वेगळीच चाल वापरात आली. तारेचं टोक डबक्यात चक्क बुडतं, शॉर्ट सर्किट होतं, प्रवाह उसळतो, टोक तुटून डबक्यात पडतं, आर्क पुन्हा पेटतो. हे सेकंदाला वीस ते दोनशे वेळा. कान दिला तर गरम कढईत भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा चर्र आवाज येतो. आवाज फुटाफुटा यायला लागला की समजायचं, तार जास्त होतेय किंवा व्होल्टेज कमी पडतंय.

या चालीमुळे उष्णता एकदम कमी झाली. पातळ पत्रा जोडता यायला लागला, उभ्या भिंतीवर आणि डोक्यावरही वेल्डिंग जमू लागलं. आणि घरगुती मशीनच्या दृष्टीने मुख्य गोष्ट, १०० अँपिअरच्या आतबाहेर काम भागायला लागलं.

जरा हिशेब करू. इथल्या गॅरेजमधलं सॉकेट १२० व्होल्टचं, २० अँपिअरचं. म्हणजे फार तर २,४०० वॅट. १८ व्होल्टला १०० अँपिअर म्हणजे १,८०० वॅट. मशीनमधली गळती धरली तर जेमतेम बसतं. शॉर्ट सर्किटची चाल नसती तर हे मशीन घरच्या सॉकेटवर चाललंच नसतं. पुण्यातल्या वाचकांसाठी: आपल्याकडचा गीझरचा १६ अँपिअरचा पॉवर प्लग २३० व्होल्टला ३,६८० वॅट देतो. या बाबतीत आपली बाथरूम अमेरिकन गॅरेजच्या पुढे आहे!

याच सुमाराला, १९५० च्या दशकाच्या शेवटी, क्लीव्हलंडच्या लिंकन इलेक्ट्रिक कंपनीने 'इनरशील्ड' नावाची पोकळ तार आणली. लेप बाहेर देण्याऐवजी फ्लक्स तारेच्या पोटात. म्हणजे रॉड आतून बाहेर उलटा केलेला. वायूची टाकीच नको. वाऱ्यात, उघड्यावर, उंच इमारतीच्या सांगाड्यावर काम करता येतं. आज 'गॅसलेस मिग' म्हणून जे सर्वात स्वस्त मशीन विकतात ते याच तारेवर चालतं. धूर जास्त, शिंतोडे जास्त, वरचा स्लॅग ठोकून काढायचा, पण टाकीचा खर्च वाचला.

खोकं हलकं कसं झालं

मशीन घरात आणायला लावलं ते बऱ्याच अंशी गंजाने. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांची दरवर्षी 'एमओटी' तपासणी होते, आणि १९७७ पासून तीत गाडीच्या सांगाड्याची अवस्थाही बघायला लागले. थंडीत रस्त्यावर मीठ टाकलं जातं, पत्रा सडतो, आणि सडलेल्या जागी नवा पत्रा जोडल्याशिवाय गाडी पास होत नाही. अशा पातळ पत्र्याला रॉड चालत नाही. छोटं तार-मशीन मात्र बरोबर बसतं. १९८० च्या दशकात तिथल्या हौशी लोकांच्या गॅरेजांत ही मशीनं शिरली ती अशी.

पण त्यांच्या पोटात तांब्या-लोखंडाचा ट्रान्सफॉर्मर होता, दोन माणसांनी उचलायचा. कारण साधं आहे: वीज सेकंदाला ५० किंवा ६० वेळाच उलटसुलट होत असेल तर ट्रान्सफॉर्मरचा गाभा मोठा लागतो. ती हजारो वेळा उलटसुलट केली तर तेवढ्याच कामाला मुठीएवढा गाभा पुरतो. फिनलंडच्या केंपी कंपनीने १९७७ मध्ये 'हिलार्क २५०' हे असं पहिलं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणलं. पण इतक्या वेगाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारं चांगलं आणि स्वस्त अर्धवाहक बटण अजून हवं होतं.

ते पुन्हा जीईमधून आलं. १९२० चा नोबेल जीईचा, १९२६ चे हॉबर्ट-डेव्हर्स जीईचे, आणि १९८० च्या सुमाराला तिथल्याच बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी विकसित केलं. बालिगा आयआयटी मद्रासचे, १९६९ सालचे. फॅनपासून इलेक्ट्रिक गाडीपर्यंत आणि लोकलच्या मोटरपर्यंत सगळीकडे आज हे आयजीबीटी आहे, आणि २०२४ चं 'मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ' त्यांना याच कामासाठी मिळालं. पुढे आयजीबीटी भाजीसारखं घाऊक मिळायला लागलं, चिनी कारखान्यांनी त्याभोवती खोकी बनवली, आणि एका हाताने उचलता येणारं तार-मशीन स्मार्टफोनच्या भावात आलं.

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी. या इतिहासातल्या बहुतेक पायऱ्यांनी मशीन सोपं आणि स्वस्त केलं, आणि शॉर्ट सर्किटच्या पायरीने ते करताना उष्णताही कमी केली. रॉड वापरणारा नवशिक्या अपयशी झाला तर ते दिसतं. रॉड चिकटतो, भोक पडतं, स्लॅग अडकतो. तार-मशीनवर नवशिक्या पहिल्याच दुपारी एकावर एक नाणी रचल्यासारखी सुंदर रेघ काढू शकतो, आणि ती रेघ खालच्या लोखंडात मुरलेली नसू शकते. तार वितळते, पत्र्यावर मेणासारखी बसते, पण पत्रा स्वतः वितळलेलाच नसतो. वरून बघून हे ओळखता येत नाही. पहिलं काम मशीनने घेतलं, तिसरं घेतलेलं नाही, ते असं.

हे मी घाबरवायला सांगत नाही. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा पोलादी बांधकामाचा 'डी१.१' नावाचा कोड आहे. त्यात काही पद्धती आधीच मान्य आहेत: ठरलेली कृती पाळलीत तर ती पद्धत वेगळी सिद्ध करावी लागत नाही. रॉड त्यात आहे, फ्लक्सवाली पोकळ तार आहे, जास्त उष्णतेचं मिगही आहे. शॉर्ट सर्किटच्या चालीचं मिग मात्र मुद्दाम वगळलेलं आहे. ते वापरायचं तर नमुने मोडून, वाकवून आधी सिद्ध करा. आणि आपलं घरगुती मशीन गॅसवर लावलं की नेमकं याच चालीत चालतं.

पोकळ तार मान्य आहे म्हणून तिच्यावर डोळे मिटून विसंबावं असंही नाही. १७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. पोलादी चौकटीच्या इमारती उभ्या होत्या, म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नंतर खांब-तुळयांच्या जोडांवरची आच्छादनं काढून पाहिल्यावर शंभराहून जास्त इमारतींत तडे सापडले. कारणं अनेक होती: जोडाची रचना, कामाचा दर्जा, आणि भराभर भरणारी पण चिवटपणात कमी पडणारी एक पोकळ तार. जोड बाहेरून कसा दिसतो यावरून तो काय सोसेल हे कळत नाही, याचा इतका मोठा धडा मला दुसरा सापडला नाही.

मामाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याच्या पहिल्या जोडावर हातोडा मारायचो. मोडला तर मोडलेली बाजू त्यालाच बघायला लावायची." तो कोड न वाचता कोडाचंच सांगत होता.

तर काय घ्यावं?

या इतिहासाच्या चष्म्यातून खोकं कसं वाचावं ते थोडक्यात सांगतो.

आधी जाडी ठरवा, मग मशीन. ढोबळ नियम असा की पोलादाच्या दर मिलिमीटर जाडीला सुमारे ४० अँपिअर. दीड मिलिमीटरच्या चौकोनी पाइपला ६०, तीन मिलिमीटरच्या अँगलला १२०. '१४० अँपिअर'च्या मशीनने एका फेरीत दहा मिलिमीटरची प्लेट जोडायची स्वप्नं बघू नका.

मग ड्यूटी सायकल बघा. '९० अँपिअरला २० टक्के' याचा अर्थ दर दहा मिनिटांत दोन मिनिटं वेल्डिंग, आठ मिनिटं विश्रांती. नवशिक्याला हे पुरतं, कारण त्या आठ मिनिटांत पुढचा तुकडा घासून, गुण्यात लावून टाके मारायचे असतात. मोठ्या अक्षरातला आकडा कमाल अँपिअरचा असतो. टक्केवारी कोणत्या अँपिअरला दिलीय ते बारीक अक्षरात शोधा.

गॅसही लावता येईल आणि पोकळ तारही चालेल असंच मशीन घ्या, आणि ध्रुव उलटवायची सोय आहे का ते पाहा. गॅससोबतच्या भरीव तारेला गन धन ध्रुवावर लागते, बिनगॅसच्या पोकळ तारेला बहुधा ऋण ध्रुवावर. फक्त गॅसलेस मशीनमध्ये हे कायमचं बांधलेलं असतं, आणि पुढे टाकी आणली तरी उपयोग होत नाही. एकाच मशीनच्या तक्त्यात पोकळ तारेसमोर जास्त जाडी लिहिलेली असते, कारण ती जास्त खोल जाते. म्हणून माझी वाटणी अशी: पातळ पत्रा आणि पाइप गॅसवर, तीन मिलिमीटरच्या वरचं पोकळ तारेवर. तारेच्या नावाशी 'जीएस' असेल तर ती एकाच थरासाठी असते, थरावर थर द्यायचे असतील तर '११' वाली घ्या.

तार ढकलणारी चाकं आणि त्यांची चौकट शक्यतो धातूची असू दे. या मशीनचा सगळा जीव 'कायम वेग' या दोन शब्दांत आहे. प्लास्टिकची चौकट वाकली, तार अडखळली, की द्यातलोवचं तत्त्व तिथेच संपलं.

मशीनमध्ये वाचलेले पैसे हेल्मेटवर घाला. आर्क पेटताच आपोआप काळी होणारी काच 'स्पीडग्लास' नावाने १९८१ मध्ये स्वीडनमध्ये आली. आता तीही स्वस्त झालीय. नवशिक्याला तिसरं काम, म्हणजे डबकं वाचणं, शिकायचं असतं, आणि जे दिसतच नाही ते वाचणार कसं? हातमोजे, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, उघडं दार हे आलंच. जीआय पत्र्यावरचा जस्ताचा थर घासून काढल्याशिवाय आर्क पेटवू नका, तो धूर ताप आणतो.

आणि शेवटची खरेदी भंगारवाल्याकडची. पाच-दहा किलो तुकडे. प्रत्येक नव्या जाडीला मी आधी दोन तुकडे काटकोनात फक्त एका बाजूने जोडतो, व्हाइसमध्ये धरतो आणि जोड उघडेल अशा बाजूने हातोडा घालतो. वेल्ड मुरला असेल तर तो वाकतो, किंवा तुटला तर मधून तुटतो आणि तुटलेली बाजू राखाडी, खरखरीत दिसते. मुरला नसेल तर अख्खी रेघ पापडासारखी सोलून निघते, आणि खाली पत्रा जसाच्या तसा चकचकीत, ग्राइंडरचे ओरखडेसुद्धा शाबूत. ते ओरखडे एकदा बघितले की सुंदर रेघेवरचा विश्वास जरा कमी होतो, आणि तो कमी झालेलाच बरा.

रॅक आणि फाटक झालं. ट्रेलरची कडी, जिन्याचा कठडा, गाडी उचलायचा स्टँड, म्हणजे ज्याच्यावर माणसाचा जीव टांगलेला असेल असं काहीही मी या मशीनवर अजून करत नाही. त्यासाठी इथे जवळच प्रमाणपत्र असलेला एक वेल्डर आहे, त्याच्याकडे जातो. शेजाऱ्याने मागच्या महिन्यात "माझ्या ट्रेलरचं तेवढं करून देतोस का" विचारलं, तेव्हा त्याला त्याचाच पत्ता दिला. माझे तुकडे सलग बरेच दिवस सोलून निघाले नाहीत की मग बघू.